ऊन आपलं, मालकी कुणाची?

(जिल्हा मेळाव्यात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



आज मला सौर ऊर्जेवर बोलायला सांगितलं आहे. आधीच सांगून टाकतो, मी कुठल्या कंपनीचा माल खपवायला उभा नाही आणि कुठल्या योजनेचे फॉर्म भरून घ्यायलाही नाही. माझं शिक्षण शेतीचं. काय पेरलं, खर्च किती आला, पिकलं किती, भाव काय मिळाला आणि घरात काय राहिलं, एवढा एकच हिशेब मला येतो. तोच हिशेब आज उन्हाला लावून पाहायचा आहे.

उन्हाचा हिशेब करायची वेळ का आली? तुमच्यापैकी ज्यांची जमीन वीज उपकेंद्राच्या आसपास आहे, त्यांच्याकडे कागद घेऊन माणसं येऊन गेली असतील. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ साली सुरू झाली, तिचा दुसरा टप्पा २०२३ मध्ये आला. शेतीच्या वाहिन्यांना दिवसा वीज मिळावी म्हणून उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभारायचे, अशी ती योजना. त्यासाठी जमीन भाड्यानं घ्यायचा दर ठरला हेक्टरी वर्षाला १ लाख २५ हजार रुपये, त्यात दर वर्षी ३ टक्के वाढ. प्रकल्प कोण उभारणार हे निविदेनं ठरलं. वीज साधारण तीन रुपये युनिटच्या आसपास विकली जाणार आणि करार पंचवीस वर्षांचा.

आता हेक्टरी सव्वा लाख म्हणजे एकरी पन्नास हजार. कोरडवाहू कपाशी एकरी पाच क्विंटल धरा. २०२५-२६ चा हमीभाव मध्यम धाग्याला ७,७१० आणि लांब धाग्याला ८,११० रुपये. आठ हजारांनी विकली असं गृहीत धरलं तरी चाळीस हजारांचा माल. त्यातून बियाणं, खत, फवारणी, निंदण, वेचणी वजा करा. म्हणजे कष्ट करून जेवढा माल निघतो, त्यापेक्षा जास्त पैसा जमीन नुसती देऊन मिळतो. तेव्हा ज्यानं जमीन दिली त्याला मी नावं ठेवणार नाही. त्यानं हिशेब बरोबर केला. माझं म्हणणं एवढंच की त्यानं अर्धाच हिशेब केला. उरलेला अर्धा आज आपण करू.

कोरडवाहूवाल्याच्या ताटात काय?

विजेच्या नावानं सरकारनं आजवर जे काही शेतकऱ्याला दिलं, ते कुणाला मिळालं हे आधी पाहू. एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना पाच वर्षं मोफत वीज जाहीर झाली. त्याच वर्षी ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ आला. शेतकऱ्यानं दहा टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यानं पाच टक्के, बाकी अनुदान. चांगली गोष्ट आहे. ज्याच्याकडे विहीर आहे त्यानं जरूर घ्यावा. रात्री-बेरात्री पाणी द्यायला जाऊन साप चावून मेलेली माणसं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत.

पण ज्याच्या वावरात विहीरच नाही, त्यानं पंप काय धुऱ्यावर मांडून ठेवायचा? आपल्या भागातली बहुतांश कपाशी पावसावरची. ज्वारीला तर कुणी मोटार लावत नाही. म्हणजे विजेची सवलत आली काय आणि गेली काय, कोरडवाहूवाल्याला तिचा वास तेवढा येतो. ताट दुसऱ्याचंच.

आता पहिल्यांदाच असं एक पीक आलं आहे, ज्याला पाणी लागत नाही, काळी जमीन लागत नाही. बरड, मुरमाड, जिथं कुसळाशिवाय काही उगवत नाही, ती जमीन त्याला सगळ्यात चांगली. आणि या पिकाचा आणखी एक गुण आहे, जो कपाशीत नाही, तुरीत नाही, सोयाबीनमध्ये नाही. ज्या वर्षी पाऊस दगा देतो, त्या वर्षी हे पीक जास्त येतं. दुष्काळात ढग नसतात, ऊन भरपूर असतं. शिवाय भाव पंचवीस वर्षांचा आधीच लिहून दिलेला. बोंडअळी नाही, व्यापाऱ्याची कटती नाही. कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरात दुष्काळाच्या वर्षी खात्रीनं येणारा पैसा म्हणजे काय, हे मी तुम्हाला सांगायला नको. त्या एका पैशावर सावकाराचा दरवाजा टाळता येतो.

म्हणूनच विचारतो, असं पीक मक्त्यानं द्यायचं की स्वतः करायचं?

एका हेक्टरचा हिशेब

एक हेक्टर, म्हणजे अडीच एकर बरड जमीन घ्या. तिच्यावर साधारण अर्ध्या मेगावॅटचा प्रकल्प बसतो. आपल्याकडच्या उन्हात तो वर्षाला आठ लाख युनिटच्या आसपास वीज देतो. तीन रुपयांनी चोवीस लाख रुपये. जमिनीच्या मालकाला मिळाले सव्वा लाख. म्हणजे एकोणीस पोत्यांत एक पोतं. आपल्याकडे बटईनं वावर दिलं तर निम्म्याची गोष्ट असते. इथं एकोणिसावा वाटा.

पण एवढ्यावर टाळ्या वाजवू नका. बटईदार बैलजोडी आणतो, इथं कंपनी दोन कोटी रुपये आणते. अर्ध्या मेगावॅटला आजच्या भावानं दोन कोटींच्या आसपास खर्च येतो असं धरू. त्याला व्याज आहे, हप्ता आहे. तेव्हा कंपनी एकोणीस पोती घरी नेते असं नाही. ती जागा आपण घेतली तर काय होईल ते पाहू.

समजा गावातल्या तीनशे घरांनी प्रत्येकी वीस हजारांचा भाग घेतला. साठ लाख जमले. उरलेले एक कोटी चाळीस लाख बँकेचं कर्ज, नऊ टक्क्यांनी, पंधरा वर्षांचं. वर्षाचा हप्ता साडेसतरा लाख. राखणदार, धुलाई, विमा, दुरुस्ती, हिशेबनीस मिळून तीन लाख. जमीन ज्याची आहे त्याला कंपनी देते तेवढाच सव्वा लाख मक्ता. एकूण पावणेबावीस लाख.

तीन रुपये भाव मिळाला तर चोवीस लाख येतात. उरले सव्वादोन लाख. तीनशे घरांत वाटा. वीस हजार गुंतवणाऱ्याला वर्षाला साडेसातशे रुपये. पोस्टात ठेवले तर जास्त मिळतील. शिवाय मक्ता दर वर्षी वाढणार, राखणदाराचा पगार वाढणार, प्लेटा जुन्या होतील तशी वीज किंचित घटणार. सातव्या-आठव्या वर्षी बेरजेची वजाबाकी होईल.

साडेतीन रुपये मिळाले तर पहिल्या वर्षी सव्वासहा लाख उरतात, घरटी दोन हजारांच्या वर. चार रुपये मिळाले तर सव्वादहा लाख, घरटी तीन हजार चारशे. आणि कर्ज फिटल्यावर? सोळाव्या वर्षापासून पंचविसाव्या वर्षापर्यंत हप्ता नाही. तेव्हा तीन रुपयांच्या भावानंसुद्धा वर्षाला पंधरा लाखांच्या आसपास हाती राहतात. खरी मलई तिथं आहे. कंपनी पंधरा वर्षं थांबते ती याच दहा वर्षांसाठी. मक्तेवाल्याला ती दहा वर्षं कधी दिसतच नाहीत. त्याचा सव्वा लाख ३ टक्क्यांनी वाढत राहतो आणि पंचवीस वर्षांनी तो होता तिथंच असतो.

हे आकडे माझे अंदाजाचे आहेत. सामानाचे भाव बदलतात, व्याज बदलतं. तुम्ही घरी बसून पुन्हा करा. पण कसेही केले तरी दोन गोष्टी निघतील. पहिली, मालकीत पैसा आहे, पण तो सावकाश येतो. दुसरी, सगळा खेळ युनिटच्या भावावर आहे. पन्नास पैशांनी प्रकल्प तरतो, पन्नास पैशांनी बुडतो. ही गोष्ट कपाशीवाल्याला नवीन नाही.

धुंडीचे सहा शेतकरी

हे कुणी करून दाखवलं आहे का? दाखवलं आहे, लहान प्रमाणावर. गुजरातेत खेडा जिल्ह्यात ठासरा तालुक्यात धुंडी नावाचं गाव आहे. आंतरराष्ट्रीय जल व्यवस्थापन संस्थेच्या मदतीनं तिथं २०१६ साली सहा शेतकऱ्यांनी सौर पंपांची सहकारी मंडळी केली. आधी ते डिझेलवर पाणी काढत. त्यांचे पंप मिळून ५६.४ किलोवॅट. पाण्याची गरज असेल तेव्हा पंप चालवायचा, नसेल तेव्हा वीज सरकारी वीज कंपनीला विकायची. भाव ४ रुपये ६३ पैसे, करार पंचवीस वर्षांचा. बदल्यात त्यांनी लिहून दिलं की पंचवीस वर्षं सवलतीची वीजजोडणी मागणार नाही.

यात दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. एक म्हणजे वीज विकत घेणारा असला की शेतकरी पाणी जपून वापरायला लागतो. फुकटची वीज पाणी उपसायला लावते, विकाऊ वीज उपसा थांबवून विचार करायला लावते. दुसरी म्हणजे वीज कंपनीशी करार सहा जणांनी वेगवेगळा केला नाही, मंडळीनं केला. सहा शेतकऱ्यांच्या सहा मीटरांकडे कोण पाहतो? मंडळी म्हटल्यावर कागदाला वजन येतं.

पण पूर्ण खरं सांगायचं तर सुरुवातीच्या खर्चाचा मोठा भार संस्थेनं उचलला होता आणि सहाही जण पाणीवाले होते. धुंडीनं रस्ता दाखवला, कोरडवाहूवाल्याला तो तसाच्या तसा चालत नाही. आपल्याला त्यातला करार घ्यायचा आहे, भाव घ्यायचा आहे, पंप नाही.

आपल्याकडे त्याला कायद्याचा आधार आहे. केंद्राची कुसुम योजना २०१९ मध्ये आली. तिचे तीन भाग. पंपांचे भाग सगळ्यांना ठाऊक आहेत, कारण पुढाऱ्यांना फोटो काढायला पंप बरा पडतो. पहिल्या भागाची चर्चा कुणी करत नाही. त्या भागात अर्धा ते दोन मेगावॅटचे प्रकल्प पडीक जमिनीवर उपकेंद्राजवळ उभारायचे, आणि ते शेतकरी, शेतकऱ्यांचा गट, सहकारी संस्था, ग्रामपंचायत, उत्पादक कंपनी यांनी उभारायचे, असं लिहिलेलं आहे. २८ ऑगस्ट २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळानं या भागाला कृषी पायाभूत सुविधा निधीची जोड दिली. त्या निधीत दोन कोटींपर्यंतच्या कर्जाला सात वर्षं तीन टक्के व्याज सवलत ठेवलेली आहे. आपल्या हिशेबात पहिल्या वर्षी ही सवलत चार लाखांच्या आसपास भरते, पुढं कर्ज फिटेल तशी कमी होते. ती वाटून खायची नाही, गंगाजळीत टाकायची. योजनांच्या मुदती आणि अटी सारख्या बदलतात, म्हणून अर्ज करण्याआधी ताजा कागद पाहा. पण योजनेचं नाव आणि भाग सांगून विचारा. नुसतं “सोलरचं काय आहे साहेब” विचारलं तर पंपाचा फॉर्म हातात पडेल.

सहकार म्हटलं की पोटात गोळा येतो

आता काही जण मनात म्हणत असतील, हा माणूस आपल्याला पुन्हा सहकारात नेतो आहे. कबूल आहे. सहकार म्हटलं की वऱ्हाडातल्या, मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला बंद पडलेली सूतगिरणी आठवते. तिच्या आवारात बाभळी उगवल्या आणि भागभांडवलाची पावती अजून ट्रंकेत आहे.

सूतगिरण्या का बुडाल्या? चोऱ्या झाल्या, हे एक उत्तर. पण चोरी का करता आली? भांडवलाची पद्धत पाहा. सभासदांचे ५ टक्के, सरकारचे ४५ टक्के, कर्ज ५० टक्के. शंभर रुपयांच्या गिरणीत शेतकऱ्याचे पाच रुपये. ज्याचे पाच रुपये आहेत तो राखणीला कशाला बसेल? आणि ज्याचे पंचेचाळीस आहेत, तो सरकार नावाचा मालक तर कुणीच नसतो. मालकाशिवायचं वावर म्हटल्यावर गावची सगळी जनावरं त्यात चरणारच. म्हणून मी साठ लाखांचा आग्रह धरतो. शंभरात तीस रुपये आपल्या घामाचे असले की माणूस सभेला येतो, हिशेब मागतो, चेअरमनला झोपू देत नाही.

विजेतला सहकारही आपल्या राज्यानं पाहिला आहे. नगर जिल्ह्यात मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्था चाळीस वर्षं वीज वाटत होती. वीज मंडळाकडून घाऊक घ्यायची आणि सभासदांना किरकोळ द्यायची. थकबाकीचा डोंगर झाला, वाद झाले, २०११ मध्ये परवान्याची मुदत संपली आणि तो भाग महावितरणकडे गेला. तिथं चूक कुणाची यात मी पडत नाही. धडा एवढाच की दुसऱ्याची वीज उधार घेऊन वाटणं आणि स्वतः वीज पिकवून रोख विकणं हे दोन वेगळे धंदे आहेत. वसुलीचा धंदा सहकारात आला की मतांचा हिशेब बिलाच्या हिशेबावर बसतो. ज्यानं मत दिलं त्याची जोडणी कोण तोडणार? आपल्याला वाटपात पडायचं नाही. एक मीटर, एक गिऱ्हाईक, महिन्याला एक बिल. उधारी नाही, वसुली नाही.

दूरच्या एका देशाचंही उदाहरण देतो, कारण ते लोक आपल्यासारखेच दुधाच्या आणि शेतीच्या सहकारातून आले. डेन्मार्कमध्ये पवनचक्क्यांची वाढ झाली ती गावकऱ्यांच्या मंडळ्यांमधून. सुरुवातीच्या काळात नियम असा होता की पवनचक्कीचा भाग जवळ राहणाऱ्यानंच घ्यायचा आणि घरच्या वापराच्या प्रमाणातच घ्यायचा. पैसेवाल्यानं सगळे भाग गोळा करायची सोयच नव्हती. कोपनहेगनच्या किनाऱ्यावर २००० साली वीस पवनचक्क्या उभ्या राहिल्या, ४० मेगावॅटच्या. त्यातली निम्मी मालकी साडेआठ हजारांहून जास्त सभासदांच्या मंडळीची. पुढं मोठ्या कंपन्या शिरल्या, गावोगाव लोक चिडले, तेव्हा तिथल्या सरकारनं कायदा केला. २००९ पासून, नवीन पवनचक्क्या लावणाऱ्यानं किमान २० टक्के भाग आधी साडेचार किलोमीटरच्या आतल्या रहिवाशांना देऊ करायचे. २०२० मध्ये तो नियम जाऊन शेजाऱ्यांना दर वर्षी रक्कम देण्याची पद्धत आली. जमीन आणि वारा ज्या गावचा, त्या गावचा हक्क पहिला, हे त्यांनी कायद्यात लिहिलं. आपण अजून मागितलंसुद्धा नाही.

मंडळी करायची तर या अटीवर

सहकारी कायद्याखाली संस्था करा, नाहीतर उत्पादक कंपनी करा. दोन्हीत एका सभासदाला एकच मत असतं. कागद कुठलाही असो, पुढच्या गोष्टी पोटनियमांत पहिल्या दिवशी लिहा. नंतर लिहू म्हणाल तर बैल गेला अन् झोपा केला.

एक. भाग फक्त त्या उपकेंद्राच्या गावांत राहणाऱ्यालाच. एका घराला पाच भागांच्या वर नाही.

दोन. भूमिहीन मजुरालाही भाग घेता आला पाहिजे. ऊन सातबारा पाहून पडत नाही. त्याच्यासाठी वीस हजार एकदम नकोत, दोन-तीन हंगामांचे हप्ते ठेवा, किंवा उभारणीच्या मजुरीतला काही भाग भांडवलात धरा.

तीन. घरातल्या बाईच्या नावानं भाग घेता येईल हे नुसतं लिहू नका, निम्मे भाग बायकांच्या नावानं राहतील असं लिहा. कपाशीचा पैसा दारूत जातो तसा विजेचा जायला नको. मागं बसलेल्या मायबहिणी हसत आहेत, म्हणजे मुद्दा बरोबर आहे.

चार. आमदार, खासदार, बँकेचा संचालक, आणि आपल्या संघटनेचा पदाधिकारी, यांपैकी कुणीही मंडळीच्या संचालकपदावर नाही. मीसुद्धा नाही.

पाच. महिन्याची युनिटं आणि आलेला पैसा चावडीवरच्या फळ्यावर. हे पीक लपवता येत नाही, मीटर सगळ्यांना वाचता येतं. ऊन पडलं आणि आकडा पडला, तर दुसऱ्याच दिवशी गाव विचारील.

सहा. पहिली पाच वर्षं नफ्यातला निम्मा हिस्सा गंगाजळीत. वीज एकसारखी करून तारांत सोडणारं यंत्र, इन्व्हर्टर म्हणतात त्याला, ते पंचवीस वर्षं टिकत नाही. मध्ये एकदा बदलावं लागतं, तेव्हा भीक मागायला नको.

मातीची आणि तारांची दोन बोलणी

शेतीचा माणूस म्हणून दोन खबरदाऱ्या सांगतो. भारी काळ्या जमिनीवर प्रकल्प लावू नका. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि लोखंडी खांब हलवते. पाया खोल न्यावा लागतो, खर्च वाढतो. शिवाय ती आपली ज्वारीची जमीन आहे, ती प्लेटांखाली घालायचं पाप कशाला करायचं? मुरूम लागलेली, उताराची, खळी आणि रस्त्याच्या धुळीपासून दूर असलेली जागा पाहा. धुळीनं वीज घटते. धुलाईला पाणी किती आणि कुठून, हे उभारणीआधी ठरवा.

दुसरी गोष्ट फार महत्त्वाची. बऱ्याच लोकांना वाटतं, गावात प्रकल्प आला की लाइट जाणार नाही. तसं नाही. हा प्रकल्प सरकारी तारांना जोडलेला असतो. तारांत वीज नसेल तर तोही आपोआप बंद होतो, नाहीतर तारेवर काम करणारा माणूस मरेल. म्हणजे भर दुपारी बारा वाजता लाइन गेली तर आपली वीज तेवढा वेळ पिकतच नाही. ऊन सांडून जातं, ते कोठारात भरता येत नाही. लाइन त्यांनी बंद ठेवायची आणि हप्ता आपण भरायचा! तेव्हा करारात लिहून घ्या की वाहिनी बंद असल्यामुळे वाया गेलेल्या विजेचाही पैसा मिळेल. हे कलम नसेल तर सही करू नका.

आपली मागणी

आता मूळ मुद्द्यावर येतो. आपल्या चळवळीनं इतकी वर्षं एकच गोष्ट सांगितली, शेतीमालाला उत्पादन खर्चावर आधारलेला भाव. बरडावर पिकलेली वीज हाही शेतीमाल आहे. तिलाही तोच नियम लावा.

सरकार म्हणेल, मोठ्या कंपन्या तीन रुपयांनी देतात, तुम्हाला जास्त का द्यायचे? कारण लहान प्रकल्पाला युनिटमागं खर्च जास्त येतो आणि फायदाही जास्त देतो. उपकेंद्राच्या दारात पिकलेली वीज शेजारच्याच पंपांना जाते, लांबच्या तारांतली गळती वाचते. लांबून आणलेलं युनिट शेतापर्यंत पोहोचेस्तोवर त्याची किंमत तीन रुपयांच्या कितीतरी वर जाते. आणि कुसुमच्या पहिल्या भागात वीज विकत घेणाऱ्या कंपनीला युनिटमागं ४० पैसे पाच वर्षं देण्याची तरतूद केंद्रानं केली. घेणाऱ्याला प्रोत्साहन, पिकवणाऱ्याला नाही! गुजरातनं २०१८ साली सूर्यशक्ती किसान योजनेत शेतकऱ्याच्या सौर विजेला पहिली सात वर्षं ७ रुपये आणि पुढची अठरा वर्षं साडेतीन रुपये भाव जाहीर केला. म्हणजे पहिल्या वर्षांत हप्ता जड असतो हे सरकारला कळू शकतं, कळवून घ्यायचं असेल तर.

कुणी मला विचारील, आपण तर खुल्या बाजाराचे, मग सरकारनं बांधून दिलेला भाव कसा मागता? बरोबर प्रश्न आहे. पण घेणारा एकच असेल तिथं बाजार नसतो. १९७२ साली सुरू झालेल्या एकाधिकार खरेदीत हे आपण भोगलं आहे. म्हणून मागणी दोन तोंडांची आहे. भाव द्या, नाहीतर बंधन काढा. केंद्राच्या २०२२ च्या नियमांनी १०० किलोवॅट आणि त्यावरच्या ग्राहकाला हरित वीज कुणाकडूनही घ्यायची मुभा दिली. आपल्या जिनिंगला ती वीज द्यायला आपण तयार आहोत. पण मध्ये तारांचं भाडं आणि अधिभार इतके लावू नका की मुभा कागदावर राहील.

तेव्हा मागण्या तीन. शेतकऱ्यांच्या मंडळीनं उभारलेल्या दोन मेगावॅटपर्यंतच्या प्रकल्पाला खर्चावर आधारलेला वेगळा भाव, आणि तो पहिल्या सात वर्षांत जास्त. वाहिनी बंद असल्याची भरपाई प्रत्येक करारात. आणि कुठलीही कंपनी गावची जमीन मक्त्यानं घेईल, तिथं मालकीतला पाचवा हिस्सा आधी त्या गावाला देऊ करण्याची सक्ती.

मागण्या मान्य होईपर्यंत हात बांधून बसायचं नाही, पण उडीही मारायची नाही. पुढच्या मेळाव्याआधी प्रत्येक उपकेंद्राच्या गावांनी चार कामं करून यावं. उपकेंद्रात किती मेगावॅटची जागा शिल्लक आहे ते माहितीच्या अधिकारात लेखी मागा. पाच किलोमीटरच्या आतली बरड जमीन कुणाची आणि किती, त्याचा नकाशा तलाठ्याकडच्या उताऱ्यांवरून काढा. गेल्या वर्षभरात दिवसा वाहिनी किती तास बंद होती त्याची नोंद मिळवा. आणि नुसती नावं लिहून आणू नका, दोन हजार रुपये भरून खात्री दिलेली नावं आणा. पैसे गावच्या बँकेत वेगळ्या खात्यात राहतील, तीन माणसांच्या सह्यांशिवाय निघणार नाहीत.

दोनशे घरं भरली तर मंडळीची नोंदणी करू. दोनशे भरली नाहीत तर पैसे परत करू आणि त्या गावापुरता विषय थांबवू. लोक तयार नसताना संस्था काढणारे आपल्याकडे कमी झाले नाहीत, त्यांत आपली भर नको. आणि मध्यंतरी कुणी मक्त्याचा कागद घेऊन दारात आलाच, तर त्याला चहा द्या, कागद ठेवून घ्या, आणि सही करण्याआधी तो तालुक्याच्या बैठकीत घेऊन या. पंचवीस वर्षांच्या कागदाला पंचवीस दिवस थांबायला हरकत नाही.